साडेतेवीसवर लागलेला ब्रेक

शाळेच्या सात नंबर बसमध्ये रोज काही ना काही राहून जायचं. डबा, एकाच पायाचा मोजा, कंपासपेटी, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात, कागदात नीट गुंडाळलेला. सकाळची दुसरी फेरी संपली की बसची ड्रायव्हर पुढून मागं प्रत्येक सीटखाली वाकून बघायची, सापडेल तो ऐवज पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायची आणि शाळेच्या ऑफिसात दाखलेबाईंच्या टेबलावर नेऊन आदळायची. दाखलेबाई म्हणजे पोरांचे दाखले, गुणपत्रकं आणि हजेऱ्यांच्या कपाटांवर वीस वर्षं नागोबासारख्या बसलेल्या बाई. दोघींचं वय सारखं, चहा रोज एकत्र, आणि जिभेला हाड दोघींच्याही नाही.

ड्रायव्हरबाईला सगळे ब्रेकमावशी म्हणत. शेवटचं पोर बूड टेकेपर्यंत तिचा हात हँडब्रेकवरून हलायचा नाही, म्हणून. मागं बाजार भरलेला असो, बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत असोत, ही आपली वरच्या आरशात बघून म्हणणार, "निळा स्वेटर. बुडाला काटे आलेत का? बस खाली." निळा स्वेटर बसला की ब्रेक सुटला.

त्या दिवशी खोकं ठेवून ती वळली, तर दाखलेबाई म्हणाल्या, "अगं ब्रेक, थांब. तुझंही काहीतरी राहिलंय इथं."

"माझं काय राहणार? चष्मा डोळ्यांवर आहे."

"अर्धं क्रेडिट."

जुनी कपाटं रिकामी करायचा हुकूम आला होता. त्यात एकतीस वर्षांपूर्वीची एक पिवळी फाईल निघाली होती. वर ब्रेकमावशीचा सतराव्या वर्षीचा फोटो, दोन वेण्या आणि कपाळावर आठ्या. खाली विषय मांडलेले. गणित पुरं, शास्त्र पुरं, इतिहास पुरा, बेरीज साडेतेवीस. शाळा पास व्हायला लागतात चोवीस.

"हे तर मला ठाऊकच आहे," ब्रेकमावशी म्हणाली. "जखम माझी, मला काय दाखवतेस?"

"दाखवते, कारण अजून भरता येते. जुन्या लोकांचं राहिलेलं क्रेडिट शाळा याच वर्षापर्यंत धरणार आहे. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला की तुझी साडेतेवीस गेली पाण्यात. मग पहिलीपासून ये दप्तर घेऊन, माझ्या नातीशेजारी बस."

एरवी ब्रेकमावशीनं हसून चहा प्यायला असता आणि विषय तिथंच संपला असता. पण त्या आठवड्यात तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे म्हातारे वस्ताद उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. अकरा वर्षं बसगाड्या धुणाऱ्या या बाईच्या हातात स्टेअरिंग पहिल्यांदा त्यांनीच दिलं होतं. आपल्या जागी हीच यावी असं त्यांनी वर लिहून पाठवलं, तर वरून उत्तर आलं, की शिकवणाऱ्याकडे शाळा पास झाल्याचा दाखला हवा. वीस वर्षांत एकदाही बंपरला ओरखडा नाही, ही गोष्ट दाखल्यात धरत नाहीत.

वस्ताद तिला म्हणाले होते, "माझ्यामागं ती जागा त्या चार नंबरवाल्याला देतील. त्याच्याकडं दाखला आहे. आणि क्लचवर पाय ठेवून झोपायची कला आहे. तीच शिकवेल तो सगळ्यांना."

लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात. हिचं तोंड अर्ध्या क्रेडिटनं काळं केलं होतं.

"कुठलं अर्धं राहिलंय, आठवतं ना?" दाखलेबाईंनी विचारलं.

"न आठवायला काय झालं?"

इंग्रजीची चार क्रेडिटं लागत. त्यातली साडेतीन व्याकरण, निबंध, वाचन यांची. ती हिनं चांगल्या गुणांनी काढली होती. उरलेलं अर्धं तोंडी. सात मिनिटांचं भाषण, कागद न बघता. एकतीस वर्षांपूर्वी ही उभी राहिली, भाषणाचं पहिलं वाक्य म्हणाली, मग डोळ्यांपुढं अंधार आला, तो सरला तेव्हा शेवटचं वाक्य म्हणाली आणि खाली बसली. चाळीस सेकंद. उद्या पुन्हा ये, असं शिक्षक म्हणाले. ही उद्या डेपोत गेली आणि बादली उचलली.

दाखलेबाईंनी तिच्यापुढं नवं पत्रक सरकवलं. "आता घाबरू नकोस. पूर्वी भाषण एके भाषण होतं. आता इंग्रजीला बघ किती वाटा फुटल्यात. कथावाचन, बातमीलेखन, कामकाजी लेखन, सिनेमा आणि भाषा."

"सिनेमा घेते. आयुष्यभर मी पडद्याकडं तोंड करून बसायला तयार आहे."

"ते लेखीत धरतात. तोंडी क्रेडिटाला तीनच पर्याय. नाटक, वादविवाद नाहीतर वक्तृत्व."

ब्रेकमावशीनं खिशातून फेऱ्यांचा तक्ता काढला. नाटकाची तालीम शाळा सुटल्यावर, म्हणजे ही पोरं घेऊन रस्त्यावर. वादविवादाच्या स्पर्धा शनिवारी परगावी. शनिवारी हीच खेळाडूंची बस घेऊन दुसऱ्या परगावी. सकाळी नऊ पाच ते दुपारी एक पन्नास एवढीच तिला उसंत, आणि त्या वेळात दहा वीसचा एकच तास बसत होता. वक्तृत्व.

"फिरून फिरून भोपळे चौकात," ती म्हणाली आणि पेन मागितलं. अर्जावर सही केली, आनंदानं की भीतीनं ते तिलाही कळलं नाही. बहुधा दोन्ही एकाच गाडीत चढली होती.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो गुडघ्यांची पट्टी सोडत होता. तो फरशी बसवायच्या कामावर. दिवसभर जमिनीकडं बघणारा माणूस, बोलणं मोजकं.

"मी शाळेत चाललेय," ती म्हणाली.

"रोजच जातेस."

"आतमध्ये."

त्यानं वर बघितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एक सांगू? भांडताना तू सात मिनिटांत कधी थांबलेली मला आठवत नाही. या विषयात तू नापास कशी झालीस?"

"तेव्हा तू समोर नव्हतास."

"मग मी येऊन समोर बसू?"

विनोदानं म्हणाला, पण पुढं तेच झालं.

वर्गात बावीस पोरं-पोरी, सतरा-अठरा वर्षांची. त्यातली अकरा हिच्या बसमधून लहानाची मोठी झालेली. कोण कुठं च्युइंगगम चिकटवायचा ते हिला पाठ. मावशी दारात दिसल्याबरोबर सगळा वर्ग सवयीनं झटकन खाली बसला. वक्तृत्वाचे सर दचकले. त्यांच्यासाठी इतक्या शिस्तीत कुणी बसलं नव्हतं.

आणि सरांना बघून ब्रेकमावशी दचकली. अठ्ठावीस वर्षांचा बारीक पोरगा, गळ्यात टाय, हातात स्टॉपवॉच. चेहरा बदललाय, पण कान तेच. ती नवी ड्रायव्हर होती, तेव्हा पहिल्या वर्षी हा आठ वर्षांचा तिसऱ्या रांगेत बसायचा आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर रोज न चुकता ओकायचा. घड्याळ बंद पडलं तरी चालेल, याच्या उलटीवरून वेळ लावावी. त्याच्यासाठी ती स्टेअरिंगच्या डाव्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्या ठेवायला लागली, त्या अजून तिथंच असत.

"या मावशी," सर म्हणाले, मग घसा खाकरून, "म्हणजे, बसा. वर्गात मी सर."

"हो सर," ती म्हणाली. "तब्येत बरी असते ना आता?"

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं. सरांचे कान लाल झाले.

पहिल्याच तासाला प्रत्येकानं उठून एक मिनिट स्वतःविषयी सांगायचं होतं. ब्रेकमावशी उभी राहिली आणि तिची नजर आपोआप वर गेली, फळ्यासमोरच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, छताजवळ. तिथं बघून ती बोलायला लागली. आवाज बारीक होत गेला. पोरांनी माना वळवून त्या कोपऱ्यात बघितलं. सरांनीही बघितलं.

"पाल आहे का?" एका पोरीनं हळूच विचारलं.

पाल नव्हती. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं. पण मावशी तिकडंच बघत राहिली आणि अर्ध्या मिनिटात गप्प झाली. सरांनी वहीत लिहिलं, श्रोत्यांकडं बघत नाही.

असं दोन महिने चाललं. लेखी कामात तिच्यापुढं कुणी नव्हतं. भाषणाचा आराखडा लिहा म्हटलं, की हिचा आराखडा बसच्या मार्गासारखा सरळ, कुठं थांबायचं, कुठं वळायचं सगळं आखलेलं. सर तो वर्गाला वाचून दाखवत. पण उभं केलं की तिची नजर छताला आणि जीभ टाळूला. आडात भरपूर होतं, पोहऱ्यात येत नव्हतं.

दुपारी मात्र निराळीच मौज. रिकाम्या बसमध्ये ती आपल्या सीटवर बसायची, समोरच्या काचेतून शाळेची भिंत दिसायची, आणि भाषण असं वाहायचं की बास. नवऱ्याचं काम जवळपास असलं, तर तो डबा घेऊन यायचा, तिसऱ्या रांगेत बसून खायचा आणि ऐकायचा.

"कसं झालं?"

"पोळी हातात राहिली," तो म्हणायचा. त्याच्याकडून हे म्हणजे शाल आणि नारळ.

म्हणून परीक्षेच्या दिवशी, मंगळवारी, ती हसत वर्गात गेली. नवा ब्लाऊज, केस चापून बांधलेले. विषय होता 'पावसात निसरड्या रस्त्यावर गाडी कशी थांबवावी'. दोन वाक्यं छान झाली. मग नजर गेली वर, कोपऱ्यात. तिथं काही नव्हतं. तिनं पुन्हा बघितलं. हात कशावर तरी ठेवायला बघत होता आणि तिथंही काही नव्हतं. सरांच्या स्टॉपवॉचची टिकटिक ऐकू येत नाही, तरी तिला आली. एक मिनिट दहा सेकंदांनी ती बसली.

एकतीस वर्षांत अर्ध्या मिनिटाची प्रगती.

सरांनी वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. त्यांचाच चेहरा नापास झाल्यासारखा होता. "मावशी, नियमात आणखी एक संधी आहे. शुक्रवारी दहा वीसला. पास होणाऱ्यांची यादी शुक्रवारी तीनला बंद होते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात काही नसू दे, माझ्या तोंडात असायला पाहिजे," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

व्हरांड्यात मागच्या बाकावरची ती पोरगी उभी होती, पालीची चौकशी करणारी. लहानपणी बसमध्येही ती मागच्याच सीटवर बसायची, खिडकीतून जीभ काढून.

"मावशी, बोलू का? रागवाल."

"बोल. रागवायला अंगात त्राण नाही."

"तुम्ही आरसा शोधता."

"काय?"

"बसमध्ये आमच्याशी बोलताना तुम्ही नेहमी वर बघायच्या. उजव्या कोपऱ्यात. तिथं आरसा असतो. वर्गातही तुम्ही तिथंच बघता. आणि तुमचा हात ना, हँडब्रेक शोधत असतो. मी आज बघितलं."

ब्रेकमावशीनं आपल्या हाताकडं बघितलं. वीस वर्षं ती शेकडो पोरांशी रोज बोलली होती. ओरडली होती, समजावलं होतं, रडणाऱ्याला गोष्ट सांगितली होती. सगळं त्यांच्याकडं पाठ करून, वीतभर आरशात. माणसांच्या घोळक्याशी समोरासमोर बोलायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. म्हणजे निदान त्या क्षणी तिला तसं वाटलं.

"हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणे," ती म्हणाली. "मला भाषणाला लागतोय."

संध्याकाळी नवऱ्यानं उपाय काढला. न्हाणीतला आरसा खिळ्यावरून उतरवला. "हा लावू वर्गात. चार स्क्रू, दहा मिनिटं." बुधवारी तो खरंच आरसा काखोटीला मारून वर्गाच्या दारात हजर. सरांनी हात जोडले. गुणांचा तक्ता दाखवला. 'श्रोत्यांकडे तोंड करून, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलणे, वीस गुण.' आरशातले डोळे चालणार नव्हते. फरशीवाला आरसा घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, "वर्गातल्या तीन फरश्या वाजतायत. खालून पोकळ आहेत. सहज सांगितलं."

बुधवारीच दुपारी डेपोतून नेहमीचा कागद आला. सात नंबर, आणीबाणीची तालीम राहिली आहे, या आठवड्यात उरका. प्रत्येक ड्रायव्हरला वर्षातून दोनदा ही तालीम घ्यावी लागे. गाडीला आग लागली, धूर झाला, तर पोरांना मागच्या दारानं कसं उतरवायचं. ब्रेकमावशीनं कागद स्टेअरिंगवर टेकवला, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि सही करायला खाली बघितलं. सहीच्या वरची ओळ तिनं आधी चाळीस वेळा सही करूनही कधी वाचली नव्हती.

'चालकाने उभे राहून, प्रवाशांकडे तोंड करून, प्रत्येकाकडे पाहत स्पष्ट आवाजात सूचना द्याव्यात. किमान पंधरा प्रवासी आवश्यक.'

तिनं टोपण तोंडातून काढलं. पिशवीतून सरांचा गुणांचा तक्ता काढला आणि दोन्ही कागद स्टेअरिंगवर शेजारी शेजारी धरले. श्रोत्यांकडे तोंड करून. प्रवाशांकडे तोंड करून. किमान पंधरा श्रोते. किमान पंधरा प्रवासी. स्पष्ट आवाज, स्पष्ट आवाज. वर्षातून दोन, वीस वर्षं, म्हणजे चाळीस वेळा ती त्रेचाळीस पोरांपुढं उभी राहून, तोंडाकडं तोंड करून बोलली होती, आणि एकदाही अडखळली नव्हती. कारण ते काय भाषण होतं का? ते काम होतं.

ती धावत ऑफिसात गेली. गेल्या वीस वर्षांत तिला धावताना कुणी बघितलं नव्हतं. दाखलेबाई घाबरून उठल्या.

"कोण पडलं?"

"कुणी नाही. परीक्षेचे नियम काढ. भाषण कुठं द्यायचं ते लिहिलंय का?"

दाखलेबाईंनी चष्मा पुसला, फाईल काढली, बोट ओलं करून पानं उलटली. वेळ लिहिली होती, श्रोते लिहिले होते, भाषा इंग्रजीच हवी हे दोनदा लिहिलं होतं. जागा कुठंच नव्हती.

"नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या टेबलावर थाप मारून हसल्या. "जा, बाई. आधी त्या पोराला विचार."

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच शंका काढली. "गाडी हलणार नाही ना?"

"चाकं हलली तर माझं लायसन काढून घ्या."

शुक्रवारी दहा वीसला सात नंबर शाळेच्या मैदानात उभी होती. बावीस पोरं चढली आणि आपापल्या लहानपणीच्या जागा शोधायला लागली. गुडघे आता पुढच्या सीटला लागत होते. मागच्या सीटवाली मागं गेली. सर स्टॉपवॉच घेऊन कुठं बसावं या विचारात असतानाच त्यांचे पाय त्यांना तिसऱ्या रांगेत घेऊन गेले. इंजिन बंद होतं, चाकांखाली ओंडके होते, तरी त्यांचा रंग उतरला. ब्रेकमावशीनं मागं न बघता डाव्या कप्प्यातून एक पिशवी काढून त्यांच्या मांडीवर टाकली.

"सुरू करू?"

"करा," सर म्हणाले आणि घड्याळ दाबलं.

ती इंग्रजीतच बोलली. इथं तिचं बोलणं आपल्या भाषेत दिलंय, एवढंच.

आधी ती आपल्या सीटवरच बसली. आरशात बघून म्हणाली, "मी तुम्हाला सांगणार आहे, गाडीतून पळून न जाता बाहेर कसं पडायचं." पोरं हसली. ती पुढं बोलत गेली. गाडीचे दरवाजे किती, काच कुठं फुटते, कुठं फुटत नाही. एक मिनिट झालं, दीड झालं. सरांची पेन्सिल कागदावर अडली होती. पाठ श्रोत्यांकडं. शून्य मांडावं तर हात होईना. मागच्या सीटवरच्या पोरीनं डोळे मिटून घेतले.

"आणि आता," ब्रेकमावशी म्हणाली, "धूर दिसला." तिनं हँडब्रेक ओढला. करकर झाली. किल्ली फिरवली, काढली, खुंटीला अडकवली. पट्टा सोडला. उठली. आणि वळली.

चाळीस वेळा वळली होती तशीच, टाचेवर, एक हात खांबाला. नजर वर जायच्या आधीच तिच्या डोळ्यांनी त्यांचं रोजचं काम हाती घेतलं, डोकी मोजायचं. एक, दोन, तीन. मोजताना ती प्रत्येकाच्या डोळ्यांत बघे, कारण झोपलेलं पोर मोजून उपयोग नसतो. डाव्या रांगा झाल्या, उजव्या झाल्या. बावीस आणि सर धरून तेवीस.

मग तिचा आवाज निघाला. मैदानाच्या पलीकडं माळी पाणी घालत होता, त्यानं नळी खाली ठेवली.

"दप्तर सोडा. मोजे, डबा, प्रेमपत्र, सगळं सोडा. राहिलेलं मी आणून देते, वीस वर्षं तेच करतेय. मागची रांग आधी. धाकटा पुढं, थोरला मागं. उडी मारायची नाही, बसायचं आणि घसरायचं. खाली उतरलेल्यानं वरच्याला हात द्यायचा. का? सांगते."

आणि तिनं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी, टाकीच्या वळणाआधी इंजिनातून काळा धूर आला. एक्केचाळीस पोरं होती, एक मिनिट पन्नास सेकंदांत सगळी बाहेर असं वाटलं. खाली उभी करून मोजली तर चाळीस. पुन्हा मोजली, चाळीस. ती धुरात परत चढली, नाकाला ओढणी लावून. तिसऱ्या रांगेत सीटखाली एक पोर अंग चोरून बसलेलं. उतरलं का नाही, तर कपड्यांवर ओकलं होतं आणि सगळे हसतील म्हणून लाज वाटली.

"तेव्हापासून," ती म्हणाली, "मी प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या सीटपर्यंत वाकून बघते. दरवाजा सापडणं सोपं असतं. माणूस आगीला भितं त्यापेक्षा हसण्याला जास्त भितं. मला ठाऊक आहे. मी एकतीस वर्षं सीटखाली होते."

सरांची पेन्सिल कधीच थांबली होती. ते पिशवी हातात घट्ट धरून तिच्याकडं बघत होते, कान लालबुंद.

"चला," ती म्हणाली. "मागचं दार."

मागच्या सीटवालीनं लाल दांडा ओढला. दार उघडलं. एकेक घसरत उतरलं, हाताला हात. मावशी रांगेमागून पुढं सरकत, मोजत, "हात दे त्याला, घाई नको, हळू, घाई नको," आणि वाकत वाकत शेवटच्या सीटपर्यंत आली. बावीस झाले, तेविसावा नाही. मागं वळून बघते तर तिसऱ्या रांगेत सर, मान खाली घालून भराभरा गुण लिहितायत.

"सर, उतरा."

"एक मिनिट. वेळ चालू आहे."

"गाडीत माणूस असेपर्यंत तालीम पुरी होत नाही. उतरा."

"फक्त बेरीज..."

"आधी उतर म्हणते ना."

हे मात्र ती आपल्याच भाषेत म्हणाली, आठ वर्षांच्या पोराला म्हणावं तशी. सर टायसकट मागच्या दारानं घसरले. खाली बावीस जणांनी त्यांना हात दिला. घड्याळ थांबलं तेव्हा नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. कमीत कमी सात लागत, जास्तीत जास्त दहा चालत.

गुण तिथंच, बसच्या बंपरवर कागद ठेवून मांडले गेले. नजरेचे वीसपैकी वीस. आवाजाचे वीसपैकी वीस. हातवाऱ्यांचे बारा, कारण एक हात सबंध वेळ खांबाला होता. एकूण शंभरपैकी एकोणऐंशी. पासाला साठ लागत.

"ऐंशी होते," सर म्हणाले. "एक कापला."

"कशाचा?"

"आधी उतर, हे इंग्रजीत नव्हतं."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुला इंग्रजीत सांगून उतरला नसतास."

एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सात नंबर फाटकात उभी होती, मागं पोरांचा बाजार. सगळे बसले होते, ब्रेक सुटायला हरकत नव्हती, तेवढ्यात दाखलेबाई ऑफिसातून चपला हातात घेऊन पळत आल्या. खिडकीतून एक कागद आत दिला. अजून गरम होता प्रिंटरचा. खाली बेरीज, चोवीस.

"शिक्का ओला आहे, पुसू नकोस," त्या धापा टाकत म्हणाल्या.

ब्रेकमावशीनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि वरपासून वाचायला लागली. गणित, शास्त्र, इतिहास, एकेक ओळ. मागून पोरं ओरडायला लागली, मावशी, चला ना, मावशी, झोपलात का. डॅशबोर्डवरचा वायरलेस खरखरला. डेपोतून वस्ताद होते.

"सात नंबर, फाटकावर पाच मिनिटं झाली. काय बिघडलंय?"

"काही नाही. कागद वाचतेय."

"गाडी चालवायचं सोडून कागद? कसला?"

"उद्या घेऊन येते. तुमच्या टेबलावरचे चहाचे डाग तेवढे पुसून ठेवा, मला डाग चालत नाहीत."

वायरलेस पुन्हा खरखरला. मग वस्ताद म्हणाले, "त्या चार नंबरवाल्याला तू सांगतेस की मी सांगू?"

"तो जागा झाला की सांगा," ती म्हणाली. कागद तिनं काचेवरच्या सनव्हायझरमध्ये सरळ खोचला, शिक्का वर ठेवून. हँडब्रेकवर हात ठेवला, आरशात बघितलं.

"लाल रिबीन," ती म्हणाली. "तुझ्यासाठी वेगळं पत्रक काढू का? बस खाली."